पल्याडचे सहा पास

आमच्या घरात तेव्हा दिवसभर दोनच आवाज असत. ओट्यावर बाबाच्या खोकल्याचा आणि आत मायच्या पाट्यावरवंट्याचा. बाबाला दमा होता. ओट्यावर खांबाला टेकून तो जाळं विणत बसे, दोन घरं विणली की थांबे, श्वास खाली बसला की परत सुई हातात घेई. फेकजाळं टाकायला कंबरभर पाण्यात उभं राहावं लागतं, खांद्यावर ओलं वजन घ्यावं लागतं, ते त्याला जमेनासं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माय पाट्यावर भाजलेला जवस वाटी, कधी लाखोरीची डाळ वाटी. छपरावर चटईवर झिंगे वाळत असायचे आणि त्यांच्यावर मांजरांचं लक्ष असायचं. शिंगाड्याच्या दिवसांत मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे, त्याचा वास भिंतीत मुरून राहायचा. आता या घरात यातला एकही वास नाही. मी भात मांडतो, कधी खाली लागतो, त्याचा येतो तेवढाच.

आम्ही ढिवर. आमचं गाव तुमसर तालुक्यात, नदीच्या काठापासून अर्ध्या कोसावर. गावाला मोठा तलाव आहे, त्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, बैलगाडी जाते. नदी बावनथडी. तिच्या अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे मध्यप्रदेश, बालाघाट जिल्हा, हे मला चौथीत मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं तेव्हा कळलं. तोपर्यंत आमच्यासाठी ते फक्त पल्याड होतं. मायचं माहेर पल्याड. उन्हाळ्यात नदी घोट्याएवढी राहायची, लुगडं थोडं वर धरून माय सकाळी जायची आणि संध्याकाळी परत यायची. पावसाळ्यात डोंगा लागायचा. त्यापेक्षा जास्त काही फरक कोणाला माहीत नव्हता.

सुकराम हा माझा मामा, मायचा एकुलता भाऊ. त्यांच्या गावचा तलाव लहान, फागुन लागला की चिखल व्हायचा. मग मामा आणि त्याच्या गावचे पाच जण, असे सहा जण जाळी खांद्यावर टाकून आमच्या तलावावर यायचे आणि पाऊस पडेस्तोवर राहायचे. बाकीचे पारीवर झोपडी करत, मामा आमच्या ओसरीत झोपे. येताना भाजलेली मोहफुलं आणायचा. घरात पाय ठेवला की त्याची आणि मायची सुरू व्हायची.

"बाई, तुह्या गावचं पानी गोड हाय वो, पन लोक लय खारट."

"मंग पोरगी कायले देऊन राहिला या खारट गावात?"

"मीठ लागतेच ना वो थोडं."

पोरगी म्हणजे पार्बता, त्याची मधली. आमच्यात मामाची पोरगी करतात. ती मला द्यायची हे आम्ही दोघं उघडे फिरत होतो तेव्हापासूनच ठरलेलं होतं. माझी बायको ती हीच. या चैत्रात ती गेली. तिचं नाव इथं पहिल्यांदा लिहिलं आणि उठून बैलाच्या रिकाम्या गोठ्यापर्यंत जाऊन आलो. आता पुढचं लिहितो.

तलावावर सगळ्यांची मासोळी एकत्र जमा व्हायची. संध्याकाळी पारीवर पळसाची पानं मांडून तिचे सारखे वाटे करत. वाटे कितीही सारखे घातले तरी एकात मरळ मोठी येते, एकात काटेवालीच जास्त. म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून बसे. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारी, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेई, आणि तो वाटा त्याचा. त्यावर कोणी बोलायचं नाही. पाठ करून बसायला नेहमी मामालाच सांगत, कारण तो गावातल्या कोणाच्या भाऊबंदकीत नव्हता. बाहेरचा होता म्हणूनच त्याच्यावर गावाचा भरोसा. एक वाटा तो स्वतःचा घेई आणि एक बाबाच्या नावाचा. बाबाच्या बदल्यात जाळं तोच टाकत होता ना. तीन वर्षं आमच्या घरातलं कालवण मामाच्या जाळ्यातलं होतं.

हेच मला सहन होत नव्हतं. मी अठरा-एकोणीसचा झालो होतो, मिशी फुटली होती, चार बुकं शिकलेला होतो. तलावावर माझ्या वयाचे पोट्टे मला म्हणत, "का बे शालिक, आज मामानं काय खाऊ घातलं?" मी हसण्यावारी नेत होतो, पण घरी येऊन मायशी धड बोलत नव्हतो. मामा मला जाळं शिकवायला बोलवायचा. "ये गा भासा, फेकून पाय, आंग मोकळं सोड," म्हणायचा. मी काही ना काही कारण सांगून टाळायचो. मला त्याच्या जाळ्यानं नाही, माझ्या जाळ्यानं मासोळी आणायची होती.

त्याच साली तलाव मच्छीमार संस्थेकडे आला. सरकारनं मत्स्यबीज सोडलं, तुमसरकडून जीपनं साहेब आले आणि सांगून गेले की आता पाहिजे त्यानं जाळं टाकायचं नाही, पास लागेल, आणि पास एकूण तीसच. चोवीस पास गावच्या लोकांना, सहा बाहेरच्यांना. आमच्या मोहल्ल्यात जाळं टाकणारे हात चाळीसच्या वर होते. बाबाचं नाव चोवीसात येणार नव्हतं, कारण तो पाण्यात उतरू शकत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. माझं येणार नव्हतं, कारण मी नवखा. म्हणजे मामाला बाहेरचा पास मिळणार आणि आम्ही पुन्हा त्याच्याच वाट्यावर जगणार.

चावडीपुढच्या निंबाखाली सभा भरली. सहाही पल्याडवाले तेव्हा पारीवर जाळी सुकवत होते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष डोमाजी, वयस्कर माणूस, खाली बघून बोलायची सवय. ते यादी वाचायला लागले तर मी मध्येच उभा राहिलो. एवढ्या लोकांसमोर मी त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि त्यानंतरही बोललो नाही.

"भाहेरच्याइले सहा पास काहून?" मी म्हटलं. "आपले पोट्टे पारीवर बसून राह्यले, आन ते पल्याडून येऊन जाळं टाकून राह्यले. त्याइची सरकार अलग, आपली अलग. आपल्याले कोनी देते का तिकडं पास?"

"बरोबर हाय," मागून कोणीतरी म्हणालं. मग दोन-चार जण म्हणाले.

डोमाजी म्हणाले, "बापू, वीस वर्साचे येऊन राह्यले ते. कोनाचा साळा हाय, कोनाचा जवाई. भाहेरचा कोन आन घरचा कोन, कसं ठरवाचं?"

मी तयारच होतो. शाळेतले शब्द मला आठवत होते. "जल्माच्या दाखल्यावर ठरवा. ज्याचा जल्म महाराष्ट्रातला, त्याले पास. बाकी कोनालेच नाई."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, पण निंबाच्या सावलीत नुसते हातच दिसत होते. ठराव झाला, पल्याडचे सहा पास बंद. सभेतून उठलो तेव्हा तेच पोट्टे माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होते.

आज कोणी विचारलं तर सांगतो, मी मागितलं ते सगळंच चूक नव्हतं. गावाचं पाणी, गावाचा हक्क आधी. पास तीस आणि हात चाळीस असले की कोणाला तरी पारीवर बसावंच लागतं, आणि तो गावचा पोट्टा असू नये हे मी आजही म्हणतो. पण गावचा आधी आणि गावचाच फक्त, यात फरक आहे. सहातले तीन कमी करता आले असते. आळीपाळीनं देता आले असते. मी सहाच्या सहा मागितले, आणि कशासाठी मागितले ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आलो. माय चुलीपाशी अंबाडीच्या भाजीत झिंगे टाकत होती. तिला बातमी आधीच कळली होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "जल्माच्या दाखल्यावर ठरलं म्हंतेत?"

"हाव."

"मंग तुले कसा भेटन पास?"

मला कळलंच नाही ती काय म्हणते ते.

"पयली खेप मायेरात असते, माहीत नाई तुले? तू मामाच्या घरी जल्मला. पावसायाचे दिवस होते, नदीले पूर. सव्वा महिना होती मी तिथं. तुही नाळ सुकरामनं गाडली, त्याच्या आंगनात."

ओट्यावर बाबाचा खोकला थांबला होता. तो ऐकत होता. मामाच्या घरी जन्मलो हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते मध्यप्रदेशात होतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात थोरला पोरगा कोणाचाच घरी जन्मलेला नव्हता. कोणी मोहाडीकडे, कोणी साकोलीकडे, ते सगळे महाराष्ट्रातच. जाळं धरायच्या वयाच्यांत पल्याड जन्मलेला मी एकटा.

मामा त्या रात्री ओसरीत झोपायला आला नाही. सकाळी बघितलं तर पारीवरच्या झोपड्या रिकाम्या होत्या. चुलींवर पाणी टाकून नीट विझवून गेले होते. कोणाशी भांडले नाहीत, काही नाही.

मी डोमाजींकडे गेलो आणि खरं सांगून टाकलं. एवढं एक मी नीट केलं. ते खाटेवर बसून पान लावत होते. पानाला चुना पुसून घेतला. मग म्हणाले, "तू कोनाचा पोट्टा?"

"भिवाजीचा."

"मंग झालं. साहेब काय नाळ शोधत फिरनार हाय का? कोतवालाले सांगतो, लिहून देईन इथलाच जल्म म्हनून. बाप बिमार हाय तुहा, पुढच्या साली चोवीसात तुहं नाव येनारच होतं. सहा पास मोकळे झाले, त्यातला एक तुहा. जाय."

"पन मामा..."

"मामा पल्याडचा हाय ना बापू. तूच तर बोललास सभेत."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं. चार दिवसांनी पुठ्ठ्याचा पास हातात आला, त्यावर माझं नाव, बाबाचं नाव, आणि जन्मगाव म्हणून आमच्या गावाचं नाव. मी घरी येऊन तो मायपुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "घेतला?" मी म्हटलं, "घेतला." तिनं ताट वाढलं. त्यानंतर तिनं या गोष्टीचं नाव मरेपर्यंत काढलं नाही.

पहिल्या दिवशी जाळं खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलो तर माझ्या दोन्ही बाजूंना पाणी मोकळं होतं. तिथं पल्याडचे उभे राहत. ते काम करताना एकमेकांना हाका मारत, शिव्या देत, कोणी गाणं लावून धरी. आमचे लोक आपापल्या जागी गप्प उभे होते. माझं जाळं उघडलं नाही, गोळा होऊन पडलं. कसं फेकायचं ते शिकवणारा माणूस मीच घालवला होता. संध्याकाळी वाटे पडले तेव्हा पाठ करायला कोणी उठेना. शेवटी एकाला बसवलं तर दुसरा म्हणाला, तो आपल्या भावाला चांगला वाटा देईल. दुसऱ्याला बसवलं तर पहिल्याचा चुलता उठला. त्या दिवशी पारीवर पहिल्यांदा शिवीगाळ झाली. पुढं संस्थेनं तराजू आणला. तराजू आला तसे लोक काम झालं की आपलं वजन घेऊन घरी जाऊ लागले, पारीवर बसणं बंद झालं.

जाळं उघडायला मला पंधरा दिवस लागले. पहिला मोठा रोहू लागला तेव्हा माय म्हणाली, "मामाले नेऊन दे. रिकाम्या हातानं नोको जाऊ." मी पळसाच्या पानात गुंडाळून तो घेतला आणि भर उन्हात नदी उतरून गेलो. वाळू इतकी तापली होती की उभं राहवत नव्हतं. मामा अंगणात फाटकं जाळं सांधत बसला होता. मला बघून उठला. आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला देवासारखं मानतात. तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला, दरवेळी लावायचा तसाच. मी पाय मागे घेतला तर म्हणाला, "राहू दे गा. रीत सोडाची नाई."

मामीनं रोहू रांधला. जेवायला आम्ही चौघं बसलो, मामा, त्याची दोन पोरं आणि मी. पार्बता वाढत होती. माझ्या ताटात रोहूचं कालवण आलं, बाकी तिघांच्या ताटात लाखोरीचं वरण. मला वाटलं, मागून येईल. आलं नाही.

"मामा, तुमी काहून नाई घेतलं?"

"आमच्या वाट्याचं नाई ते," मामा म्हणाला. "तू जेव. गरम हाय."

मी जेवलो. उठून जायची हिंमत नव्हती. सगळा रोहू मी एकट्यानं खाल्ला, काटे काढत, आणि ते तिघं वरणभात खाऊन हात धुऊन बसले तरी माझं ताट संपेना. पार्बता भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकदाही डोळे वर केले नाहीत.

हात धुतल्यावर मी मामाला म्हटलं, "डोमाजीले सांगतो, पास वापस देतो."

तो जाळ्याच्या गाठी बघत राहिला. "देशीन?"

मी काही बोललो नाही. बाबाचा दमा, घर, त्या पोट्ट्यांची तोंडं, सगळं माझ्यापुढे उभं होतं. त्यानं थोडी वाट बघितली. खरंच वाट बघितली, हे मला आजही दिसतं. मग तो म्हणाला, "पोरीचं बोललो ते बोललो, ते नाई फिरवत. लगन होईन. पन तुमच्या पारीवर मी नाई येनार. आपल्या मानसानं भाहेरचा म्हनल्यावर मंग नाई येता येत गा."

लग्न झालं, त्याच्याच मांडवात झालं. पोरगा झाला तो पल्याडच झाला. मामा आमच्या गावात आला नाही. माय गेली तेव्हा आला, नदीवरच्या घाटावर, आणि आंघोळ करून तिथूनच परत गेला. त्याचं घर आणि माझं घर यात अर्धा तास चालण्याचं अंतर होतं.

पास त्यानंतर जन्मभर चालला. त्याच्यावर बाबाचं औषधपाणी झालं, पोरगा शिकला. तो आता जवाहरनगरात कारखान्याच्या क्वार्टरात राहतो आणि रविवारी येतो, कधी येत नाही. संस्थेत अजूनही दरसाल हाच वाद असतो, बाहेरच्यांना किती आणि गावच्यांना किती. मागच्या सभेत मला खुर्ची दिली आणि विचारलं, "बाबा, तुमी जुने, तुमी सांगा." मी म्हटलं, तिघांना तरी द्या. कोणी ऐकलं नाही. एक पोरगा उठून जे बोलला ते शब्दाला शब्द माझंच होतं, आणि हातही तसेच वर झाले.

पार्बता माझ्यासोबत पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं राहिली. या तलावाची मासोळी तिनं रोज रांधली आणि खाल्लीही, तिनं काही व्रत धरलं नव्हतं. आमची भांडणं व्हायची ती मिठावरून, पोराच्या शाळेवरून, माझ्या बिडीवरून. बापावरून कधी नाही. मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा ती एकटीच निघाली. मी चप्पल घातली तर म्हणाली, "तुमी राहा." मी राहिलो. शेवटच्या दुखण्यात ती महिनाभर खाटेवर होती, मी बाजूला बसून असायचो, घरात दुसरं कोणी नसायचं. तिला विचारायचं असतं तर तेव्हा विचारता आलं असतं. त्या दिवशी मामानं "देशीन?" म्हटलं तेव्हा तुम्हाला पास परत देता येत होता की नव्हता, एवढंच. मी रोज वाट बघत होतो की आज विचारेल. नाही विचारलं. पाणी मागायची, उशी सरळ करायला सांगायची, आणि डोळे मिटायची.

देता येत होता. बाबाला मामानं उपाशी ठेवलं नसतं. पुढच्या साली चोवीसात माझं नाव येणारच होतं, डोमाजी तसं म्हणालेही होते. एक उन्हाळा काढायचा होता फक्त. तिला हे तोंडानं सांगायला पाहिजे होतं, ते झालं नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.